बर्फावरचा थरार आणि ‘आज नको’ म्हणणारा माणूस

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गच्या अफरवत पर्वतावर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याच्या सोबतच्या परदेशी स्कीपटूंना वाचविण्यात यश आले. त्याच आठवड्यात, त्याच गुलमर्गमध्ये, ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडा स्पर्धा सुरू होत्या. देशभरातून आलेले खेळाडू आखून दिलेल्या, दाबून सपाट केलेल्या उतारावर सुरक्षितपणे घसरत होते आणि तेथून फार दूर नसलेल्या मोकळ्या उतारावर मृत्यूने आपला वाटा उचलला होता. आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, याच पर्वताच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू बर्फाखाली गाडले गेले आणि १९ परदेशी नागरिकांना बाहेर काढावे लागले होते.

अशा बातम्या दोन दिवस पहिल्या पानावर राहतात. तिसऱ्या दिवशी ‘निसर्गाचा कोप’ असा शेरा मारून त्या विसरल्या जातात. वास्तविक या दुर्घटनांत निसर्गाचा वाटा जेवढा, तेवढाच माणसाच्या निर्णयाचाही असतो. परदेशांतील अपघातांच्या नोंदी सांगतात की, हौशी स्कीपटू व गिर्यारोहकांचे बळी घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी दहांतील सुमारे नऊ स्खलने त्या गाडल्या गेलेल्या माणसाने किंवा त्याच्याच गटातील दुसऱ्या कोणी तरी सुरू केलेली असतात. डोंगर आपणहून कोसळलेला नसतो; त्याच्यावर नको त्या दिवशी, नको त्या जागी वजन पडलेले असते. म्हणूनच ‘आज या उताराला जायचे नाही’ हे कोणी ठरवायचे, कोणाच्या शब्दाला ते वजन असायचे, हा या खेळाचा खरा प्रश्न आहे. भारतात हिमक्रीडांची बाजारपेठ वाढत असताना या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणाकडेच नाही.

मराठी वृत्तपत्रांत हिमस्खलनाची बातमी पुष्कळदा ‘हिमकडा कोसळला’ अशी छापून येते. शब्द चित्रमय आहे. पण तो चुकीचे चित्र उभे करतो. कडा म्हटले की सह्याद्रीत वाढलेल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर कोकणकडा येतो: उभा, सरळ, पाहताक्षणी छातीत धस्स करणारा. हिमस्खलन होते ते बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, आणि सर्वांत घातक मानला जातो तो ३८ अंशांच्या आसपासचा. याहून उभ्या भिंतीवर बर्फ साचूनच राहत नाही, थोडे थोडे करून गळून पडते. याहून सौम्य उतारावर ते सहसा जागचे हलत नाही. म्हणजे स्कीपटूला जो उतार सर्वांत मोहक वाटतो, ज्यावर वेग मिळतो पण तोल जात नाही, नेमका तोच उतार धोक्याचा. सह्याद्रीतला धोका दिसतो. निसरडे शेवाळ दिसते, सुटा दगड हाताला जाणवतो. बर्फातला धोका पोटात असतो आणि वरून सारे शुभ्र, गुळगुळीत, निरागस दिसते.

आता थराराविषयी. तो नाकारून सुरक्षिततेची चर्चा करणारी मंडळी आपल्याकडे थोडी नाहीत. कशाला जायचे जीव धोक्यात घालायला, असा त्यांचा सूर असतो. पण ज्याने एकदा ताज्या, कोरड्या, गुडघाभर बर्फातून उताराला स्वतःला सोडून दिले आहे, त्याला हा सूर पटणार नाही. रस्ता नसतो, आवाज नसतो, फक्त पायाखाली बर्फ बाजूला सरल्याची हलकी सळसळ. पुढच्या वळणापलीकडचे काही सुचत नाही. शहरात एका वेळी चार गोष्टींची चिंता वाहणाऱ्या मनाला एकाच गोष्टीवर असे खेचून आणणारे दुसरे फारसे काही उरलेले नाही. हा अनुभव खरा आहे आणि त्यासाठी माणसे हजारो मैल प्रवास करून पीर पंजालच्या कुशीत येतात, यात नवल नाही.

गुलमर्गचे या खेळाशी नाते जुने आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ काढला तो येथेच. सैन्याचे उच्च पर्वतीय युद्धप्रशिक्षण येथेच चालते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरलेला आरिफ खान याच परिसरातला. वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचे दुकान, मुलगा जायंट स्लॅलममध्ये जगात पंचेचाळिसावा. बर्फ म्हणजे केवळ पर्यटकांची चैन असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. गंडोलाचे कर्मचारी, स्कीचे मार्गदर्शक, स्लेज ओढणारे, गमबूट आणि कोट भाड्याने देणारे, घोडेवाले अशा अनेकांचे वर्षाचे पोट हिवाळ्यातल्या काही आठवड्यांवर अवलंबून असते.

या परिसराचे रूप पालटले ते गंडोलामुळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच कंपनीच्या साह्याने सुरू झालेले हे काम दहशतवादाच्या काळात थांबले. पहिला टप्पा, गुलमर्ग ते कोंगदुरी, १९९८ मध्ये सुरू झाला आणि कोंगदुरीहून अफरवतच्या माथ्याजवळ नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचा पर्यटक आता थोडक्या वेळात जवळजवळ चार हजार मीटरवर पोहोचतो. सकाळी मुंबईहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी तेथे उभा असतो. त्याच्या फुप्फुसांना काय झाले हे कळायच्या आत त्याने दहा छायाचित्रे काढलेली असतात.

पूर्वी अफरवतच्या माथ्यावर जायचे तर तासन्‌तास चढावे लागे. त्या चढाईत बर्फ कसे आहे, पाय किती रुततो, वारा कोणत्या बाजूने बर्फ आणून टाकतो आहे, हे माणसाला आपोआप समजे. गंडोलाने ते कष्ट वाचवले आणि त्याबरोबर ते शिक्षणही. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकासमोर माथ्यावरून निघणारे अनेक उतार खुले होतात; त्यांपैकी तारांखालचा मधला खोलगट भाग तेवढा हिमगस्ती पथकाच्या देखरेखीखाली. बाकीचा डोंगर जसा आहे तसा. परदेशी स्कीपटूंना गुलमर्गचे जे आकर्षण आहे, ते नेमके या ‘जसा आहे तसा’ असलेल्या डोंगराचे. आल्प्समध्ये एवढ्या उंचीवर, एवढ्या थोड्या पैशांत, असे अस्पर्श बर्फ मिळत नाही.

बर्फाच्या पोटात काय घडते

हिमस्खलनाचे शास्त्र फार गूढ नाही. बर्फ एकदम पडत नाही, थराथराने पडते. प्रत्येक थराला आपला इतिहास असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडे बर्फ पडले आणि नंतर बराच काळ आभाळ निरभ्र, कोरडे, कडाक्याच्या थंडीचे राहिले, तर जमिनीची ऊब आणि वरची थंडी यांच्यामध्ये सापडलेल्या त्या पातळ थराचे कण बदलतात. एकमेकांना धरून असलेले बर्फ साखरेच्या दाण्यांसारखे सुटे, भुसभुशीत होते. मग त्यावर दोन-तीन दिवसांत जोराची बर्फवृष्टी होते, वारा ती दाबून बसवतो आणि वर घट्ट लादी तयार होते. साबुदाणा पसरून त्यावर शहाबादी फरशी ठेवावी आणि पाट तिरका करावा, तशी ही रचना. फरशी काही काळ जागीच राहते. तिच्यावर एका माणसाचे वजन नेमक्या ठिकाणी पडले, की खालचा थर चुरतो, चीर क्षणार्धात आडवी पसरते आणि संपूर्ण उतार एकदम निघतो.

या दृष्टीने २०२३-२४ च्या हिवाळ्याकडे पाहण्यासारखे आहे. त्या जानेवारीत गुलमर्गमध्ये जवळजवळ बर्फच नव्हते. तपकिरी उतारांची छायाचित्रे सर्वत्र झळकली, पर्यटकांनी आरक्षणे रद्द केली. जानेवारीच्या अखेरीस बर्फ आले आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जोराने आले. २२ तारखेला स्खलन झाले. २०२५ मध्येही बर्फ अपुरे असल्याने ‘खेलो इंडिया’च्या गुलमर्गमधील स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. उत्तराखंडातील औलीवरही बर्फाअभावी स्पर्धा पुढे ढकलण्याची वेळ आलेली आहे. बर्फ कमी झाले म्हणजे धोका कमी झाला, असा सरळ हिशेब या खेळात चालत नाही. उशिरा आणि एकदम येणारे बर्फ अधिक दगाबाज असते. शिवाय महिनाभर हात चोळत बसलेला व्यावसायिक आणि रजा वाया जाईल या भीतीने कातावलेला पर्यटक, असे दोघे पहिल्याच मोठ्या बर्फवृष्टीनंतर एकाच वेळी उतावळे होतात. उताराला चोवीस-अठ्ठेचाळीस तास स्वस्थता द्यावी, हा नियम पाळणे त्या दिवशी सर्वांत कठीण असते.

माणसाच्या या उतावळेपणाचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकी संशोधक इयान मॅकमन याने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील ७१५ हिमस्खलन-अपघातांच्या नोंदी तपासल्या. धोक्याची चिन्हे समोर असतानाही माणसे पुढे का गेली, हा त्याचा प्रश्न होता. त्याला आढळलेली कारणे आपल्यालाही अपरिचित नाहीत. जागा ओळखीची आहे, इथे आजवर काही झालेले नाही. ठरवून आलो आहोत, आता मागे कसे फिरणार. गटात एक अनुभवी माणूस आहे, तो बघून घेईल. पलीकडचे चौघे गेले, मग आपण का थांबायचे. आणि ताजे बर्फ दुसरा कोणी वापरून टाकण्याआधी आपल्याला मिळाले पाहिजे. यांतले एकही कारण बर्फाशी संबंधित नाही.

जाणत्यांनाही हा सापळा सोडत नाही, याची दोन उदाहरणे एकाच आठवड्यातली आहेत. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी ऑस्ट्रियातील लेख येथे नेदरलँड्सचे राजपुत्र फ्रिसो आखलेल्या मार्गाबाहेर स्कीइंग करताना हिमस्खलनात सापडले. त्या दिवशी धोक्याची पातळी पाचपैकी चार अशी जाहीर केलेली होती. सुमारे पंचवीस मिनिटांत त्यांना बाहेर काढले गेले, तरी मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ते कोमातून कधी पुरते बाहेर आलेच नाहीत. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. सोबतच्या मित्राकडे हवेने फुगणारी पिशवी असलेली सॅक होती, तो वाचला. दोनच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्टीव्हन्स पास येथे अत्यंत निष्णात स्कीपटूंचा मोठा गट टनेल क्रीक नावाच्या उतारावर उतरला आणि त्यातले तिघे मृत्युमुखी पडले. मृतांपैकी एक त्याच स्की-केंद्राचा अधिकारी होता, दुसरा नामांकित स्की स्पर्धांचा मुख्य पंच. एवढे जाणकार एकत्र असताना ‘थांबा’ म्हणण्याचे कोणाला सुचले नाही, की प्रत्येकाला वाटले की दुसरा म्हणेल?

वर उल्लेखिलेल्या पिशवीचे तत्त्व मोठे गमतीचे आहे. पोह्यांचा डबा हलवला की चुरा तळाशी जातो आणि अख्खे पोहे वर राहतात. वाहत्या बर्फातही आकाराने मोठी वस्तू वरच्या बाजूला राहते. पिशवी फुगली की माणसाचा आकार वाढतो आणि तो गाडला जाण्याची शक्यता घटते. अर्थात वाटेत खडक किंवा झाडे असतील तर पिशवीचा उपयोग नाही.

घड्याळाशी शर्यत

गाडल्या गेलेल्या माणसाकडे वेळ किती असतो? पूर्णपणे बर्फाखाली गेलेल्यांना पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाने हे प्रमाण साधारण तिघांत एकावर येते. बहुतेकांचा मृत्यू गुदमरून होतो, उरलेल्यांपैकी बरेच जण आघाताने दगावतात. थांबलेले बर्फ सिमेंटसारखे घट्ट बसते. बोटही हलवता येत नाही.

या आकड्यांचा अर्थ सह्याद्रीतल्या बचावकार्याशी तुलना केल्यास चटकन ध्यानात येतो. आपल्याकडे ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’च्या माध्यमातून गिर्यारोहक संस्थांचे स्वयंसेवक आणि पायथ्याचे गावकरी रात्री-अपरात्री कड्यात अडकलेल्यांना बाहेर काढतात. त्यांना पोहोचायला पाच-सहा तास लागले, तरी अडकलेला माणूस बहुधा जिवंत असतो. हिमस्खलनात पाच तासांनी पोहोचणारे पथक केवळ मृतदेह शोधते. हेलिकॉप्टर, लष्कर, आपत्ती प्रतिसाद दल हे सारे आवश्यक आहे. पण जीव वाचवू शकतो तो त्या क्षणी शेजारी उभा असलेला सोबती, तोही त्याच्याकडे साहित्य असेल तर. शरीरावर बांधलेले आणि संदेश सोडणारे-पकडणारे यंत्र, बर्फात खुपसायची लांब घडीची काठी, आणि धातूचे फावडे. या तीन वस्तूंपैकी एकही नसली तर उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात. यंत्राने जागा कळेल, पण हातांनी एक मीटर घट्ट बर्फ खणता येत नाही. आपल्या देशात हिवाळी ट्रेकला जाणाऱ्या किती जणांच्या पाठीवर फावडे असते? त्यांच्या साहित्याच्या यादीत थर्मल कपडे असतात, गॉगल असतो, सुका मेवा असतो.

आणि मग स्कीपटू नसलेल्या, साहसाचा विचारही मनात नसलेल्या पर्यटकांचे काय? ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला मार्गावर पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलन होऊन सात पर्यटकांचा मृत्यू झाला. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच दिले जात असताना पर्यटक त्यापुढे गेले होते, असे तेथील पोलिसांनी तेव्हा सांगितले. ते कोणतेही शिखर चढत नव्हते. बर्फाचे गोळे करून एकमेकांवर फेकण्यासाठी, मुलांचे फोटो काढण्यासाठी ते रस्त्याकडेला उतरले होते. तेरा आणि पंधरा या दोन आकड्यांमधले अंतर गाडीने जेमतेम काही मिनिटांचे. गाडी पुढे न्यायला चालकाने नकार दिला असता तर? नकार देणारा चालक आपल्या पर्यटकांना कितपत आवडतो, हे ज्याने सिमला-मनालीची एक तरी सहल केली आहे त्याने स्वतःलाच विचारावे.

ट्रेकची गोष्ट याहून फार वेगळी नाही. केदारकंठासारखा हिवाळी ट्रेक आता पुण्या-मुंबईच्या तरुणांत इतका रूढ झाला आहे की, नाताळच्या आठवड्यात वाटेवर रांगा लागतात. बहुतेक जण सुखरूप परततात आणि त्यांतूनच एक समज पक्का होतो: हिमालय म्हणजे थंड हवेतला राजमाची. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडमधील सहस्रताल ट्रेकवर हा समज किती महागात पडू शकतो ते दिसले. दिवस उन्हाळ्याचे होते. प्रामुख्याने कर्नाटकातून आलेला २२ जणांचा गट परतीच्या वाटेवर हिमवादळात सापडला आणि त्यातील नऊ जणांचा मृत्यू झाला. तेथे हिमस्खलन झाले नव्हते. वारा, भिजलेले अंग, उंची आणि थकवा एवढ्या गोष्टी पुरेशा ठरल्या.

येथे एक आक्षेप येईल की हे सारे नवख्यांचे अपघात. प्रशिक्षण घेतले की प्रश्न सुटेल. प्रशिक्षणाचे मोल कोणीच नाकारणार नाही. परंतु भारतीय गिर्यारोहणातील अलीकडचा सर्वांत मोठा आघात प्रशिक्षण चालू असतानाच झाला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाचा गट ‘द्रौपदी का डांडा’ या शिखराच्या उतारावर हिमस्खलनात सापडला. २९ जणांचा बळी गेला. त्यांपैकी दोघे सापडलेच नाहीत. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे सोळा दिवसांच्या अंतराने सर करून त्यांनी देशाचे लक्ष वेधले होते. वरून येणाऱ्या बर्फाने अनेकांना हिमभेगांत लोटले. त्याआधी, ८ फेब्रुवारी २०१० रोजी, गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग येथे सैन्याच्या प्रशिक्षण शाळेचे १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले होते. ज्या संस्थांनी देशाला बर्फावर चालायला शिकवले त्यांच्यावरही ही वेळ आली. प्रशिक्षणाने दोर कसा बांधावा हे कळते. आजचा बर्फ कसा आहे हे सांगायला रोजची निरीक्षणे लागतात.

ती निरीक्षणे करणारी यंत्रणा भारताकडे नाही असे नाही. संरक्षण संशोधन व विकास संस्थेने १९६९ मध्ये मनालीत हिम व हिमस्खलन अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था उभारली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन ‘डिफेन्स जिओइन्फर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट’ अस्तित्वात आली. हिवाळ्यात तिचे इशारे जिल्हा प्रशासन आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांमार्फत जाहीर होतात. बारामुल्ला, कुपवाडा, बांदीपोरा अशा जिल्ह्यांची नावे, अमुक मीटर उंचीच्या वर येत्या २४ तासांत मध्यम किंवा अधिक धोका, असे त्यांचे स्वरूप असते. या यंत्रणेचा जन्म सैन्याच्या चौक्या आणि रस्ते सुरक्षित ठेवण्यासाठी झाला आणि ते काम ती करीत आली आहे. परंतु अफरवतच्या माथ्यावर उभ्या असलेल्या स्कीपटूला जिल्ह्याचा इशारा घेऊन काय करता येणार? त्याला डावीकडची घळ की उजवीकडची सोंड, हे हवे असते.

स्वित्झर्लंडमधील दावोसच्या हिमसंशोधन संस्थेचे पत्रक हिवाळ्यात रोज सायंकाळी पाच वाजता आणि पुन्हा सकाळी आठ वाजता निघते. कोणत्या दिशेकडे तोंड असलेले उतार, किती उंचीच्या वर, वाऱ्याने साचवलेले बर्फ धोक्याचे आहे की जुना कच्चा थर, हे सारे त्यात असते. पाच पायऱ्यांची धोक्याची मोजपट्टी युरोपात १९९३ पासून एकच आहे. गंमत अशी, की सर्वाधिक बळी पाचव्या पायरीवर जात नाहीत. तेव्हा घराबाहेर कोणी पडतच नाही. ते जातात तिसऱ्या पायरीवर, ‘बघू, जमेल’ अशा दिवसांत. आल्प्समध्ये आजही दरवर्षी शंभराच्या आसपास माणसे हिमस्खलनांत मरतात. म्हणजे पत्रक काढले की मृत्यू थांबले, असे झालेले नाही. मात्र तेथे मरणाऱ्याला आपण काय पत्करतो आहोत हे जाणून घेण्याची संधी तरी होती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर साहसी पर्यटन व्यावसायिकांच्या नोंदणीचे धोरण राज्याने २०२१ मध्ये आणले. चांगली गोष्ट झाली. तथापि बर्फ महाराष्ट्रात पडत नाही. पुण्यात पैसे भरून घेतलेल्या गटाचा निर्णय उत्तराखंड वा हिमाचलच्या उतारावर होतो आणि तेथील अंमलबजावणी तेथील यंत्रणेच्या हाती असते. विम्याचेही तसेच. बहुतेक सर्वसाधारण पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, ही ओळ ग्राहक दुर्घटनेनंतर वाचतो.

निर्णय अखेर कोणाकडे येतो ते पाहू. शहरातला आयोजक तेथे नसतो. वनखात्याचा परवाना देणारा कर्मचारी कागद पाहतो, उतार नव्हे. उरतो तो स्थानिक मार्गदर्शक. बर्फाची त्याच्याइतकी ओळख कोणाला नाही. बापाबरोबर गुरे घेऊन त्याने त्या घळी पायाखाली घातलेल्या आहेत. मात्र तो रोजंदारीवर असतो. ‘आज नको’ असे त्याने म्हटले की त्या दिवसाची मजुरी गेली आणि शेजारचा मार्गदर्शक तोच गट घेऊन निघाला, तर पुढचे कामही गेले. पैसे मोजलेला ग्राहक त्याच्या शब्दापेक्षा मोबाइलवरच्या सूर्याच्या चित्रावर अधिक विश्वास ठेवतो. सर्वाधिक जाणणारा माणूसच सर्वांत दुबळा, अशी ही उतरंड आहे. ती उलटी करायची तर उपदेश करून भागणार नाही, पैशाची व्यवस्था बदलावी लागेल. उतार बंद ठेवला त्या दिवशीही मार्गदर्शकाला पूर्ण मोबदला मिळेल अशी अट आयोजकाच्या नोंदणीतच घालता येईल. गंडोलाच्या तिकिटावर किंवा ट्रेकच्या शुल्कावर थोडा अधिभार लावून त्यासाठी निधी उभारणे अवघड नाही. गुलमर्ग, औली, सोलंग अशा मोजक्या ठिकाणी तरी रोज सकाळी त्या-त्या उताराचे पत्रक तिकीट खिडकीवर, हिंदी-इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, लावणे संशोधन संस्थेच्या आणि तेथील हिमगस्ती पथकाच्या आवाक्यातले आहे.

ग्राहकाच्या हातीही काही आहे. पुढच्या हिवाळ्यासाठी आरक्षण करताना ‘शिखर गाठण्याची हमी आहे का’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. हवामान बिघडल्यास मागे फिरण्याचा निर्णय नेमका कोण घेणार, त्या दिवसाचे पैसे मार्गदर्शकाला मिळणार की कापले जाणार, गटाबरोबर किती फावडी असतील आणि ती चालवायची कशी हे कोणत्या दिवशी शिकवणार, हे प्रश्न आयोजकाला लेखी विचारता येतात. उत्तर देण्यास त्याने किती वेळ लावला, यावरूनही बरेच कळते.